‘फीलर्स’ला मराठीत काय म्हणायचं? मुंगीचे वेगळे, पक्षाचे वेगळे

आधी प्रश्न काय होता ते सांगते. अनुवाद शिकायला एक मुलगा माझ्याकडे येतो, त्याच्याकडे सध्या दोन कामं एकदम आलीयेत, एक लहान मुलांचं किड्यांवरचं पुस्तक आणि दुसरा राजकारणावरचा लेख. पुस्तकात आहे की मुंगी तिच्या फीलर्सनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांनी, वाट शोधते, आणि लेखात आहे की मोठ्या पक्षाने छोट्या पक्षांकडे फीलर्स पाठवले, म्हणजे त्यांच्या मनात काय आहे त्याचा अंदाज घेतला. डिक्शनरीत त्याला ‘स्पर्शिका’ सापडलं. मुंगीला ते कसंबसं चालून गेलं, पण ‘पक्षाने छोट्या पक्षांकडे स्पर्शिका पाठवल्या’ असं लिहिल्यावर त्याचं त्यालाच खटकलं आणि त्याने फोन केला, मॅडम हे दोन वेगळे शब्द धरायचे की एकच, आणि मराठीत नक्की लिहायचं काय?

तीस वर्षं हेच काम करतेय, इंग्रजीतून मराठी, त्यात शाळेच्या विज्ञानापासून बँकांच्या पत्रकांपर्यंत सगळं आलं, त्यामुळे हा शब्द मला बऱ्याच वेळा भेटलाय आणि बऱ्याच वेळा अडवलंय त्याने. माझं मत असं की इंग्रजीत तो एकच शब्द आहे आणि त्यामागचं चित्रही एकच आहे, पण मराठीत ते चित्र जसंच्या तसं उचलून आणायचं नाही, कारण त्या कामासाठी मराठीकडे स्वतःची चित्रं आहेत, आणि चांगली चार-पाच आहेत.

पण आधी ते मूळचं चित्र नीट बघायला हवं. त्या मुलाला मी म्हटलं, पावसाळा आहे, संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर एखादी गोगलगाय बघ आणि मग बोलू. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर, कुंड्यांच्या कडेला त्या हमखास दिसतात. गोगलगाईच्या डोक्यावर चार शिंगं असतात (आपण शिंगंच म्हणतो ना लहानपणापासून), वरची दोन लांब, त्यांच्या टोकाला डोळे, आणि खालची दोन आखूड, ती जमिनीजवळचा वास-चव घेत चालतात. वरच्या शिंगाला काडीने अगदी हलकं टोचलं की ते आत जातं, म्हणजे नुसतं आखडत नाही तर हातमोज्याचं बोट आतून ओढून घ्यावं तसं टोकाकडून आत वळत जातं, आणि थोड्या वेळाने धोका नाही असं वाटलं की परत हळूहळू बाहेर. बाकीची गोगलगाय तेवढ्या वेळात जिथल्या तिथे.

इंग्रजीतला दुसरा अर्थ मला तरी इथेच सापडतो. अख्खं शरीर पुढे टाकायच्या आधी एक बारीकसा भाग पुढे करायचा, अंदाज घ्यायचा, आणि काही वावगं वाटलं तर तेवढाच भाग मागे घ्यायचा. पक्षसुद्धा हेच करतो, अध्यक्ष स्वतः जात नाही, कोणीतरी मधला माणूस जातो, चहा घेतो, दोन शब्द टाकतो, आणि समोरून नकार आला तर ‘छे छे, आम्ही कुठे काय विचारलं’ असं म्हणायची सोय राहते. फीलरचा गाभा हा आहे की तो मागे घेता येतो. हे डोक्यात पक्कं बसलं की मराठी शब्द निवडणं सोपं जातं, म्हणून इतकं लांबण लावलं.

इंग्रजीत किड्याच्या अवयवाला फीलर म्हणायला १६६० च्या दशकात सुरुवात झाली, आणि कोणाचा कल बघायला पुढे केलेलं बोलणं हा अर्थ १८३० च्या सुमारास आला. म्हणजे किडा आधी, राजकारण नंतर. जर्मनमध्येही हीच गंमत आहे, तिथे ‘फ्यूलर’ म्हणजे किड्याचा तो अवयव आणि ‘फ्यूलर बाहेर काढणे’ म्हणजे अंदाज घेणे. लॅटिनमध्ये तर त्याहून आधीच हे झालंय, ‘टेन्टारे’ म्हणजे चाचपून बघणे, प्रयत्न करून बघणे, त्यातूनच टेन्टॅकल आला आणि त्यातूनच टेन्टेटिव्ह. ऑक्टोपसची चित्रं काढताना आपण ज्याला टेन्टॅकल म्हणतो आणि मीटिंगची टेन्टेटिव्ह तारीख म्हणतो, ते दोन शब्द सख्खी भावंडं आहेत हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते.

आता किड्यांकडे येते, कारण मुलांच्या पुस्तकात चूक झाली तर ती मुलांच्या डोक्यात वीस वर्षं राहते, तिथे मी फार काटेकोर असते.

‘स्पर्शिका’ नको, याची दोन कारणं. एक तर दहावीच्या भूमितीत स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, तोच शब्द झुरळाला लावला तर शाळेतल्या मुलाचा गोंधळ उडणारच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. किड्याचा तो अवयव फक्त स्पर्शाचा नसतोच मुळी. फीलर हा इंग्रजी शब्द ज्याने केला त्याला वाटलं किडा चाचपतोय, दिसतं तसंच, पण खरं काम बरंचसं वासाचं आहे. रेशमाच्या पतंगाचं उदाहरण मी नेहमी देते. त्याच्या मादीच्या अंगातून एक वास सुटतो आणि नर त्या वासावर येतो, ते द्रव्य नेमकं कुठलं हे आडोल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५९ साली शोधून काढलं, त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या, आणि त्याला नाव दिलं बॉम्बिकॉल. नराच्या डोक्यावरची ती दोन पिसांसारखी अंगं आहेत ना, त्यातल्या वासाच्या पेशीला या बॉम्बिकॉलचा एक रेणूसुद्धा जाणवतो. म्हणजे ते नाक झालं, तेही कसलं नाक! आणि डासाच्या नराला तर त्याच अवयवातून ऐकू येतं. बुडाकडून दुसऱ्या पेरात एक रचना असते, जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात, क्रिस्टोफर जॉन्स्टन याने १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं, नर डासात त्यात सुमारे १५ हजार चेतापेशी असतात, आणि मादीच्या पंखांची गुणगुण त्याला तिथे कळते. मुंग्या वाटेत थांबून एकमेकींना डोकं लावतात, आपण म्हणतो कानात काहीतरी सांगतायत, खरं तर त्या एकमेकींचा वास घेत असतात, आपल्या वारुळाची आहे का दुसरीकडची ते बघतात.

मग अशा अवयवाला ‘स्पर्शेंद्रिय’ म्हटलं की आपण मुलांना अर्धीच गोष्ट सांगितली. म्हणून मी ‘शृंगिका’ घेते, मराठी विश्वकोशातही हाच शब्द आहे. शृंगिका म्हणजे छोटं शिंग, त्यात काम काय करतं ते सांगितलेलंच नाही, फक्त दिसतं कसं ते सांगितलंय, त्यामुळे विज्ञान पुढे गेलं तरी शब्द खोटा पडत नाही. अरिस्टॉटलही किड्यांच्या या अवयवांना शिंगंच म्हणायचा, ग्रीकमध्ये ‘केराया’. तोच शब्द जहाजाच्या शिडाच्या आडव्या काठीलाही होता, म्हणून पंधराव्या शतकात थिओडोरस गाझा या ग्रीक विद्वानाने अरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणताना त्या काठीचा लॅटिन शब्द वापरला, आणि तो होता ‘अँटेना’. एका अनुवादकाने केलेली निवड, बघा कुठपर्यंत आली. आमच्या लहानपणी घराच्या गच्चीवर चढून टीव्हीचा अँटेना सिंहगडाकडे फिरवायचा आणि खालून कोणीतरी ओरडायचं ‘आलं, आलं, गेलं’, आणि आज नारायणगावजवळ खोडद आणि त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत रेडिओ दुर्बिणीच्या, त्यांनाही अँटेनाच म्हणतात. ग्रीक केराया आणि आपलं शृंग यांचं मूळही एकच, हे मला फार आवडतं.

तरीही अगदी लहान मुलांसाठी, सहा-सात वर्षांच्या, पहिल्याच पानावर शृंगिका टाकू नकोस असं मी त्याला सांगितलं. झुरळाच्या आपण मिशाच म्हणतो, कोळंबीच्या पण मिशा, गोगलगाईची शिंगं. तिथे मिशा लिही, मग एकदा सांग की ‘या मिशांना शृंगिका म्हणतात’ आणि पुढे शृंगिका चालू ठेव. फक्त मांजराच्या मिशांशी घोळ होऊ देऊ नकोस, मांजराच्या मिशा हे केस आहेत, त्या केसाला स्वतःला काही कळत नाही, जे कळतं ते त्याच्या मुळाशी, कातडीच्या आत. आणि मासे असतील तर मांगूरच्या तोंडाभोवतीच्या मिशा म्हणजे तिसराच प्रकार, त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात.

एक सापळा मात्र नक्की लक्षात ठेवायचा. इंग्रजी लेखक कोळ्यालाही बिनधास्त फीलर्स लिहून टाकतात. कोळ्याला शृंगिका नसतातच! किड्यांना एक जोडी, कोळंबी-खेकड्यांना दोन जोड्या, कोळ्याला शून्य. कोळ्याच्या तोंडाशी पायासारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांना तिथे फीलर्स म्हटलेलं असतं. डोळे मिटून शृंगिका लिहिलंत तर चूक मूळ लेखकाची नाही, तुमची होते. आणि हायड्रासारख्या पाण्यातल्या बारीक प्राण्यांचे जे टेन्टॅकल असतात त्यांना विश्वकोशात ‘संस्पर्शक’ म्हटलंय, ते वेगळं ठेवायचं.

आता लेखातला दुसरा अर्थ. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘चाचपणी’, आणि हा शब्द नीट बघितला तर इंग्रजीने जी उडी मारली तीच आपणही मारलीये हे दिसतं. चाचपणं म्हणजे अंधारात हाताने शोधणं, लाइट गेल्यावर देवघरातली काडेपेटी चाचपतो ते. त्यावरून चाचपणी, म्हणजे कोणाच्या मनात काय आहे त्याचा अंदाज घेणं. फक्त इंग्रजीने किड्याचा अवयव घेतला आणि आपण माणसाचा हात घेतला. म्हणून ‘छोट्या पक्षांची चाचपणी सुरू केली’ हे वाक्य आपोआप मराठी वाटतं, त्यात आणखी काही करावं लागत नाही.

पण प्रत्येक ठिकाणी चाचपणी घुसवलं की भाषा सपाट होते. ‘कानोसा घेणं’ बघा, त्यात आपण काहीच पुढे करत नाही, दाराला कान लावतो फक्त, म्हणून जिथे फीलर पाठवलाय म्हणजे काहीतरी बोललं गेलंय तिथे कानोसा बसत नाही. ‘खडा टाकून बघणं’ छान आहे, पाण्यात खडा टाकायचा आणि तरंग बघायचे, पण खडा परत घेता येत नाही, फक्त कोणी टाकला ते लपवता येतं, त्यामुळे जिथे मुद्दाम एखादं वाक्य भाषणात सोडून दिलंय आणि आता सगळे काय म्हणतात ते बघणं चाललंय तिथे खडा उत्तम. (अंदाज हा शब्दही मुळात फारसीतला फेकण्याचाच आहे, तीरंदाज, गोलंदाज यातला अंदाज तोच, तेव्हा खडा टाकून अंदाज घेणं हे दोन्हीकडून फेकणंच झालं.) ‘पुडी सोडणं’ म्हणजे पत्रकाराच्या कानात बातमी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायची, त्याला थोडा वाईट वास आहे, लेखकाने टीका केलीच नसेल तर आपण पुडी लिहून टीका घुसवायची नाही.

‘शब्द टाकणं’ला मात्र लोक फार फसतात. भाच्याच्या नोकरीसाठी काका कोणाकडे तरी शब्द टाकतात, इंग्रजीत त्याला फीलर म्हणता येईल असं वाटतं, पण आपल्याकडे शब्द टाकला की टाकणाऱ्याची इभ्रत त्यात गुंतली, शब्द खाली पडला तर पुढची पाच वर्षं बोलणं बंद होतं, कसला मागे घेताय! म्हणून ते फीलरच्या बरोबर उलट आहे. नोकरी किंवा जागा शोधण्याबद्दल असेल, म्हणजे कोणी लिहिलंय की मी कोथरूडला फ्लॅट मिळतोय का बघायला फीलर्स टाकलेत, तर मराठी माणूस साधं म्हणतो, ‘दोघा-तिघांना सांगून ठेवलंय.’ झालं, संपलं वाक्य. सांगून ठेवणं यातलं ते ‘ठेवणं’ सगळं काम करतं.

संवाद असेल, कादंबरीतला किंवा मालिकेतला, तर नाम शोधतच बसू नका, आपल्याकडे फीलरचा खरा शब्द ‘सहज’ आहे. आमच्या पेठेतल्या जुन्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं बोलणं कसं सुरू झालं ते सांगते. एक ओळखीचे गृहस्थ आले, पाणी घेतलं, आंब्याचं बोलले, पावसाचं बोलले, आणि चपला घालता घालता म्हणाले, ‘सहज विचारतो हं वहिनी, सोसायटीत काही बोलणं वगैरे झालंय का, बिल्डिंगचं?’ मी म्हटलं नाही बुवा अजून, ते म्हणाले ‘नाही नाही, आपलं सहज.’ त्यांना कोणी पाठवलं होतं ते मला चार महिन्यांनी कळलं. लग्नात तर हे रोजचंच, मावशी वाढप्याच्या बाजूला सरकून विचारते ‘काय गं, हिचं शिक्षण संपलं का?’ आणि मुलीच्या आईला लगेच कळतं की मावशीच्या डोळ्यासमोर एखादा मुलगा आहे, पण दोघीही तसं म्हणत नाहीत, आणि आवडलं नाही तर विषय जिलबीवर जातो. असे संवाद भाषांतर करताना इंग्रजीत जिथे फीलर असतो तिथे पात्राच्या तोंडात ‘सहज’ घाला, बघा वाक्य कसं चालायला लागतं.

इतिहासाच्या पुस्तकात जरा जपून. जुलै १९४५ मध्ये जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो यांनी मॉस्कोतले आपले राजदूत सातो यांना तारा केल्या, की सोव्हिएत सरकार मध्यस्थी करेल का, राजपुत्र कोनोए यांना पाठवलं तर चालेल का, ते बघा. इंग्रजी पुस्तकांत याला पीस फीलर्स म्हणतात. इथे ‘शांतता प्रस्ताव’ लिहायचा मोह होतो आणि तो अर्थाचा अनर्थ आहे, कारण प्रस्ताव म्हणजे अटी आल्या, आणि अटी नेमक्या काय हे तर त्यात सांगितलंच नव्हतं, सातो स्वतः तोगोंना परत परत तेच विचारत होते की काहीतरी ठोस सांगा. ‘तहाची चाचपणी’ लिहिलं की वाचणाऱ्याला स्थिती बरोबर कळते. एका शब्दाने जपान शरण यायला तयार होता का नव्हता हेच बदलतं, म्हणून मी यावर अडून बसते. पेशवाईतला काळ असेल तर ‘संधान बांधणे’ आहे, पण संधान बांधलं म्हणजे समोरून थोडा तरी प्रतिसाद मिळालेला असतो, नुसत्या चाचपणीच्या एक पाऊल पुढचं आहे ते.

एक तिसरा फीलर राहिला, जो त्या मुलाने विचारला नव्हता पण पुण्यात राहून तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझे वडील भोसरीला वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांच्या खिशात एक ‘फिलर गेज’ असायचा. चाकूसारख्या पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली, ०.०५ मिलिमीटरपासून पुढे. रविवारी ते शेजाऱ्यांच्या स्कूटरचा पॉइंटचा गॅप सेट करून द्यायचे, ०.३ ते ०.५ च्या मधलं पातं त्या फटीत सरकवायचे, आणि मला म्हणायचे हात लाव, ओढून बघ, सैल गेलं तरी चूक, अडकलं तरी चूक, किंचित ओढ लागली पाहिजे. मशीनच्या पोटात डोळा जात नाही तिथे हे पातं जातं आणि बोटाला सांगतं. त्याला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्नच नाही, पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही गाळ्यात जाऊन ‘फिलर गेज दे’ म्हटलं की मिळतो, तिथे ‘स्पर्शमापक पट्टी’ असलं काही लिहिलं तर ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला कळणार नाही. मॅन्युअल भाषांतर करणाऱ्यांनी फिलर गेजच लिहावं.

त्या मुलाने काल दोन्ही वाक्यं पाठवली. मुंगीचं असं, ‘मुंगीच्या डोक्यावर दोन मिशा असतात, त्यांना शृंगिका म्हणतात, वाटेचा वास ती या शृंगिकांनी घेते.’ यात मी काही बदललं नाही. लेखातलं त्याने केलं होतं, ‘पक्षाने छोट्या पक्षांकडे चाचपणी पाठवली.’ ते ‘पाठवली’ इंग्रजीतून आलंय, चाचपणी पाठवत नाहीत, करतात, मी ते बदलून ‘पक्षाने छोट्या पक्षांची चाचपणी सुरू केली’ केलं आणि त्याला परत पाठवलं.